अस्वस्थ करणारे चित्रपट: आधी ‘कुठे’, मग ‘का’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्रमंडळी ज्यांची तोंडभरून स्तुती करतात असे विचित्र, स्वतंत्रपणे बनवलेले चित्रपट तुम्ही तीन-चारदा पाहायला घेतले आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर बंद केले. ‘इरेझरहेड’ तर बाळाचं रडणं थांबेना तेव्हा सोडून दिलात. कळलं काहीच नाही, वर रात्री अंथरुणात पडल्यावर तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत राहिली. लोकांना यात आनंद कसला मिळतो, आपल्यातच काही कमी आहे का, मुद्दाम सवय लावून घ्यावी का, आणि खरोखर चांगला चित्रपट कोणता नि उगाच विचित्रपणा करणारा कोणता हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बावीस वर्षं एका फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडते, दाखवते आणि नंतरची चर्चा घेते. रसास्वाद शिबिरांमध्ये शिकवतेही. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा सगळे निघून गेल्यावर, हळू आवाजात. म्हणून तुम्ही तो मोकळेपणानं विचारलात याचं मला बरं वाटलं.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणींची एक मोळी झाली आहे. ‘कळत नाही’ ही पहिली, ‘सोसत नाही’ ही दुसरी आणि ‘इतरांना आवडतं, मग मला का नाही’ ही तिसरी. तिसरी आत्ताच बाजूला काढून ठेवा. आमच्याकडे वीस-वीस वर्षं नेमानं येणारे, जगभरचा सिनेमा पाहिलेले लोक आहेत आणि त्यांतल्या काहींना या वाटेचे चित्रपट मुळीच आवडत नाहीत. त्यांच्या जाणकारीत त्यामुळे काही उणं पडलेलं मला दिसलं नाही. राहिल्या दोन. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, पण उपाय मात्र निरनिराळे आहेत. लोक ‘कळत नाही’चा इलाज ‘सोसत नाही’वर करायला जातात, म्हणजे चित्रपट बंद करून त्याच्या शेवटाचा अर्थ सांगणारा व्हिडिओ शोधतात. त्यानं दोन्ही अडचणी होत्या तिथेच राहतात.

आधी कळण्याचं पाहू. आपण गोष्टीवर वाढलेलो असतो. कोण कोणाचा, कशासाठी भांडतो, शेवटी काय होतं, या धाग्याला धरून चालायची आपल्या मनाला सवय असते. विचित्र चित्रपट हा धागा हातात देत नाही किंवा मध्येच काढून घेतो. मग मन घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागतं, ‘म्हणजे काय?’ ‘इरेझरहेड’मधलं ते बाळ म्हणजे काय, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली बाई म्हणजे काय? हा प्रश्न वाईट नाही, फक्त फार लवकर विचारला जातो. एकदा तो मनात शिरला की पुढची वीस मिनिटं तुम्ही चित्रपट पाहतच नसता, कोडं सोडवत असता आणि कोडं सुटत नाही म्हणून चिडत असता.

काही चित्रपटांत तर तो प्रश्न करणाऱ्यांनीच नाकारलेला असतो. दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९२९ मध्ये ‘अॅन अँडालुशियन डॉग’ हा छोटा चित्रपट केला. तो लिहिताना त्यांनी आपसात नियम ठरवला होता की, जिचं तर्कानं स्पष्टीकरण देता येईल अशी एकही प्रतिमा घ्यायची नाही. तिथे ‘याचा अर्थ काय’ म्हणून खणत बसलं तर त्यांनी जे कटाक्षानं बाहेर ठेवलं तेच आपण शोधत राहतो. ‘इरेझरहेड’चे दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनीही त्याचा अर्थ कधी सांगितला नाही, आणि ते बाळ कशाचं बनवलं होतं हे तर अखेरपर्यंत गुपित ठेवलं. तेव्हा तुम्हाला अर्थ लागला नाही यात अपयश कसलं?

पण सगळेच विचित्र चित्रपट असे नसतात, आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. ‘प्रायमर’ (२००४) हा अवघ्या ७ हजार डॉलरांत केलेला कालप्रवासाचा चित्रपट पहिल्या वेळी डोक्यावरून जातो. पण त्याला कुलूप आहे आणि किल्लीही आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरंच हाती लागतं. ‘डॉगटूथ’ (२००९) या ग्रीक चित्रपटात आई-वडिलांनी मोठ्या झालेल्या मुलांना घराबाहेर पाऊलच टाकू दिलेलं नाही आणि त्यांना शब्दांचे भलतेच अर्थ शिकवले आहेत. ‘समुद्र’ म्हणजे हात टेकायला दांडे असलेली खुर्ची, ‘झोंबी’ म्हणजे छोटं पिवळं फूल. तिथे गोष्ट सरळ आहे, जग मात्र वाकडं आहे. नियम एकदा लक्षात आला की सगळं भयंकर स्पष्ट कळतं. आणि ‘इरेझरहेड’ हे स्वप्नाच्या जातीचं आहे. स्वप्नातून उठल्यावर आपण ‘हे अतार्किक होतं’ म्हणून तक्रार करत नाही, ‘मी जिना उतरत होते आणि जिना संपतच नव्हता’ असं सांगतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत समोरचा चित्रपट यांपैकी कुठल्या जातीचा आहे एवढा अंदाज घेतला तरी निम्मी दमछाक वाचते.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते. आमच्या चर्चेत माझा एक नियम आहे. पहिली पंधरा मिनिटं कुणीही ‘अर्थ’ हा शब्द उच्चारायचा नाही. मी एवढंच विचारते, तुम्ही खुर्चीत नेमके कुठे हललात? श्वास कुठे रोखलात? नजर कुठे वळवलीत? ‘एकूणच अस्वस्थ वाटलं’ हे उत्तर मी घेत नाही. क्षण सांगायचा. कुठलं दृश्य, कोण कुठे उभं होतं, त्याच्या आधी काय ऐकू येत होतं.

हा नियम मला एका प्रसंगानं शिकवला. आम्ही ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ दाखवला होता. १९६२ चा चित्रपट, दिग्दर्शक हर्क हार्वी. हा माणूस एरवी कॅन्ससमध्ये कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करायचा. गाडीनं जाताना त्याला ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाची ओसाड पडलेली, कधीकाळी गजबजलेली करमणुकीची प्रचंड इमारत दिसली आणि तिच्यावरून त्यानं सुमारे ३३ हजार डॉलरांत हा एकच कथाचित्रपट केला. मोटार पुलावरून नदीत कोसळते, तिच्यातली एक तरुणी वाचते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी घेऊन दुसऱ्या गावी जाते, आणि एक पांढराफटक चेहऱ्याचा माणूस तिला जिथे तिथे दिसू लागतो. तो माणूस हार्वीनं स्वतःच रंगवला आहे.

चर्चेत एक विद्यार्थी ठासून म्हणाला की भीती वाटली ती त्या पांढऱ्या चेहऱ्याचीच. मी विचारलं, सगळ्यात जास्त कुठे वाटली? तो म्हणाला, दुकानात. आम्ही तो भाग पुन्हा लावला. बाई कपडे घालून बघायच्या खोलीतून बाहेर येते. तिच्याकडे कुणीच पाहत नाही, ती बोलते ते कुणाला ऐकू जात नाही, ती रस्त्यावर येते, भोवती गर्दी आहे, गाड्या आहेत. पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस त्या दुकानात कुठेच नाही! मुलगा चकित झाला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याचं त्यालाच सापडलं. आवाज नाहीसा झाला होता. जग जसंच्या तसं हलत होतं, पण त्याचा आवाज कुणीतरी काढून घेतला होता, आणि उरला होता तो फक्त तिचा स्वतःचा. मग ती बागेत झाडाखाली उभी राहते, एक पक्षी बोलतो, आणि त्या पक्ष्यामागून सगळं जग परत ऐकू येऊ लागतं. तो मुलगा म्हणाला, “पक्षी बोलला तेव्हा मी श्वास सोडला.” त्याला भयपटाची आवड मुळीच नव्हती. पण त्या संध्याकाळी तो हसत घरी गेला, आणि पुढच्या महिन्यात आपणहून आला.

लोकांना या चित्रपटांत आनंद कसला मिळतो, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. अंगावर काटा येणं हा पहिला अर्धा भाग. तो काटा कशानं आणला हे आपलं आपल्याला सापडणं हा उरलेला अर्धा. एक पैसाही जास्त खर्च न करता, निव्वळ आवाज काढून घेऊन, एका बाईला जिवंतपणी भूत करून दाखवलं! हे लक्षात येतं तेव्हा भीती जात नाही, पण तिच्या सोबतीला कौतुक येऊन बसतं. ‘नेमकं कुठे’ सापडलं की ‘कशानं’ सापडतं, आणि ‘कशानं’ सापडल्यावर ‘म्हणजे काय’ हा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो किंवा नकोसा होतो. त्या दुकानातल्या प्रसंगाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज त्या मुलाला उरली नव्हती. सगळ्यांत असून कुणाच्याच लेखी नसणं त्यानं कानांनी अनुभवलं होतं.

आवाजाबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. आपण समजतो की अस्वस्थ करतं ते डोळ्यांना दिसणारं. माझा अनुभव उलट आहे. ‘इरेझरहेड’चं चित्रीकरण १९७२ मध्ये सुरू झालं आणि चित्रपट आला १९७७ मध्ये. लिंच आणि ध्वनीचं काम करणारे अॅलन स्प्लेट यांनी त्याच्या आवाजावर अफाट मेहनत घेतली. त्या चित्रपटात शांतता जवळजवळ नाहीच. भिंतीपलीकडे यंत्र चालावं, वाफ सुटावी, वारा घोंघावावा असा एक घरघराट सतत मागे असतो. दहा मिनिटांनी तो ऐकू येईनासा होतो, पण शरीर ऐकत राहतं. तुम्ही बाळाच्या रडण्यापाशी थांबलात, पण मला वाटतं की तोवर त्या घरघराटानं तुम्हाला पुरतं थकवलेलं होतं, रडणं हे निमित्त झालं. दिग्दर्शक गॅस्पार नोए यांनी ‘इरिव्हर्सिबल’ या आपल्या चित्रपटाच्या (२००२) सुरुवातीच्या भागात ऐकू येण्याच्या सीमेवरचा खोल आवाज मुद्दाम मिसळला होता. लोकांना मळमळतं, उठून जावंसं वाटतं आणि कारण कळत नाही. (तो चित्रपट मी नवख्यांना दाखवत नाही. त्यातलं अत्याचाराचं लांबलचक दृश्य पाहायचं की नाही हे ज्याचं त्यानं माहिती घेऊन ठरवायचं असतं.)

म्हणून एक साधा प्रयोग करा. फार होतंय असं वाटलं की चित्रपट बंद करू नका, डोळेही मिटू नका, आवाज निम्म्यावर आणा. दृश्य तेच असतं, पकड सैल होते. मग हळूहळू आवाज वाढवत न्या. लगाम आपल्या हातात आहे एवढं कळलं तरी माणूस निवांत होतो. आणि एरवी पाहताना मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका. त्यातून खालचे आवाज येतच नाहीत. तुमच्या वाट्याला फक्त किंचाळ्या येतात आणि चित्रपट उगाच कर्कश वाटतो. बरे इयरफोन पुरेसे आहेत.

आता ‘सोसत नाही’कडे वळते. इथे मी फार जपून बोलते, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझी ठाम समजूत होती की प्रेक्षकाला आधी काहीही सांगू नये, अनुभव कोरा राहिला पाहिजे. एकदा मी अशीच, काही न सांगता, आजारी अर्भक केंद्रस्थानी असलेली एक फिल्म दाखवली. मध्यंतरी एक बाई बाहेर गेल्या. त्या पायरीवर बसल्या होत्या. काही महिन्यांपूर्वी त्यांचं मूल गेलं होतं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण मी स्वतःला दिला, आणि तो बरोबरच होता. त्या दिवसापासून प्रत्येक खेळाआधी मी दोन वाक्यांत सांगते की यात काय आहे. मूल आजारी आहे, प्राण्याला इजा दाखवली आहे, लैंगिक अत्याचार आहे, दिव्यांचा जलद लखलखाट आहे. हा लखलखाट अपस्माराच्या रुग्णांना खरोखर धोक्याचा असू शकतो. सांगितल्यानं कुणाचाही अनुभव बिघडलेला मी पाहिला नाही. काय दिसणार हे माहीत असलं तरी ते कसं दिसणार हे कुठे माहीत असतं?

आपल्याकडच्या रसविचारात या गोष्टीचा फार बारकाईनं विचार झाला आहे आणि मला तो आजही उपयोगी पडतो. भरतमुनींनी जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आणि बीभत्सही आहेत. त्यांचे स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेले भाव, भय आणि जुगुप्सा (किळस). किळस आणि भीती चवीनं घेता येतात हे तेव्हाच मान्य होतं, फक्त ते कसं जमतं हा प्रश्न होता. नंतरच्या काळातले काव्यशास्त्रकार भट्टनायक यांचं उत्तर म्हणजे साधारणीकरण. समोरचा भाव ‘माझा’ राहत नाही, ‘त्याचा’ही राहत नाही, दोन्ही बंधनांतून सुटतो, आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. काश्मीरचे तत्त्वज्ञ अभिनवगुप्त यांनी पुढे रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. त्यांतलं एक असं की, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात असतो. पायरीवर बसलेल्या त्या बाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पडद्यावरचं मूल त्यांचं स्वतःचं मूल होतं. तिथे आस्वादाची अपेक्षाच चुकीची होती, आणि त्यात त्यांची काडीची चूक नव्हती.

तेव्हा स्वतःला विचारा की आत्ता मी कुठे उभा आहे. झोप नीट होते आहे का? घरात आजारपण, मृत्यू, तुटलेलं नातं असं काही ताजं आहे का? चिंतेचा त्रास वाढलेला आहे का? असेल तर हे चित्रपट सहा महिन्यांनी पाहा. ते कुठे पळून जात नाहीत. आणि पाहिल्यानंतरची एक खूण लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी ते दृश्य आठवलं आणि ‘अरे, तो दिवा असा का होता?’ असं काही मनात आलं, तर ठीक चाललं आहे, मन त्या दृश्याशी खेळतं आहे. उलट ते दृश्य तुम्हाला नको असताना येत असेल, दोन-तीन रात्री झोप मोडत असेल, तर त्या प्रकारच्या चित्रपटाला सरळ नकार द्या. सवय लावून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. सोसण्याची सवय मुद्दाम लावू नका. त्यानं कातडी जाड होते, आणि जाड कातडीच्या माणसाला हे चित्रपट पाहून काय मिळणार? पाहण्याची सवय लावा, ऐकण्याची लावा.

पाहायची वेळ झोपेच्या आधीची नको. संध्याकाळी लवकर, अंधार करून, एका बैठकीत पाहा, आणि संपल्यावर पंधरा मिनिटं चाला. या पंधरा मिनिटांत कुणाशी बोलू नका, मोबाइलवर काही शोधू नका. मग वहीत तीनच ओळी लिहा, मी कुठे हललो त्याच्या. एवढं झाल्यावर पुन्हा बसा आणि चित्रपटाची फक्त पहिली दहा मिनिटं परत पाहा. ही माझी फार आवडती युक्ती आहे. शेवट माहीत झाल्यावर सुरुवात अशी काही उलगडते की, त्याच दृश्यांना आपण आधी गोंधळ म्हणत होतो यावर विश्वास बसत नाही. समीक्षा, मुलाखती वगैरे सगळं त्यानंतर. सोबत कुणी हवं असेल तर असं माणूस निवडा जे मध्ये मध्ये समजावून सांगणार नाही.

आणि हसू आलं तर हसा. हे मी विशेष आग्रहानं सांगते, कारण अशा खेळांना लोक देवळात आल्यासारखे गंभीर बसतात. ‘इरेझरहेड’मध्ये जेवणाच्या टेबलावर ते इवलंसं कोंबडीचं पिल्लू कापायला जाताच पाय हलवू लागतं आणि त्यातून काहीतरी पाझरू लागतं, तो प्रसंग किळसवाणा आहे तितकाच विनोदी आहे. सासरी पहिल्यांदा जेवायला गेलेल्या माणसाची घालमेल आहे ती! कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा हिंदी चित्रपट १९८८ मध्ये तयार झाला आणि चित्रपटगृहांत यायला २०१४ साल उजाडलं. आम्ही तो दाखवला तेव्हा पहिला अर्धा तास सगळे कपाळाला आठ्या घालून बसले होते. मग मागच्या रांगेत एकाला खुदकन हसू फुटलं आणि एकदम सगळी खोली मोकळी झाली. शब्दांच्या कोलांट्या, भलत्या ठिकाणी आलेली पाठ्यपुस्तकी भाषा, सगळं लोकांना तिथून पुढे दिसू लागलं. विचित्र गोष्टीला भय आणि हसू अशी दोन दारं असतात, आणि काहींना दुसऱ्या दारानं आत जाणं सोपं पडतं.

आता चांगला आणि उगाच विचित्र यांतला फरक. इथे मतभेदाला जागा आहे, मी माझं सांगते. चांगल्या विचित्र चित्रपटाला शिस्त असते. त्याचं जग वेडंवाकडं असेल, पण स्वतःचे नियम तो पाळतो. ‘डॉगटूथ’मध्ये सुळा पडल्याशिवाय घर सोडायचं नाही असा नियम मुलांना सांगितलेला असतो, आणि चित्रपट त्या नियमाला शेवटपर्यंत चिकटून राहतो. ते चिकटून राहणंच अंगावर येतं. उगाच विचित्र असलेला चित्रपट दर दहा मिनिटांनी नवा नियम काढतो, कारण आधीच्याचं काय करायचं हे त्याला सुचलेलं नसतं. दुसरी खूण आवाजाची. अचानक कानठळ्या बसवून दचकवणं कुणालाही जमतं. दचकलात तेव्हा दृश्यात काही घडलं होतं की फक्त आवाज मोठा झाला होता, हे पाहा. तिसरी खूण ती पहिल्या दहा मिनिटांचीच. दुसऱ्यांदा पाहताना सुरुवात जास्त भरलेली दिसली तर चित्रपटानं तुमची तयारी करून घेतली होती. तेवढीच पोकळ राहिली तर तुमचा संशय खरा आहे.

पैसा कमी असणं ही मात्र खूण नव्हे, कुठल्याच बाजूनं. कमी पैशांमुळे माणसं मोजकी, जागा मोजक्या, आणि बरंच काही चौकटीबाहेर ठेवावं लागतं. हुशार दिग्दर्शक त्यातूनच भीती काढतो. ‘स्किनामरिंक’ (२०२२) हा सुमारे १५ हजार डॉलरांत, दिग्दर्शकाच्या बालपणीच्या घरात चित्रित झाला. त्यात चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. छताचा कोपरा, दाराची चौकट, टीव्हीचा उजेड. लहानपणी रात्री जाग आल्यावर घर जसं परकं दिसायचं, तसं ते घर दिसतं. मला त्यातली पहिली चाळीस मिनिटं विलक्षण वाटली आणि पुढचा बराच भाग ताणलेला. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राला तो आयुष्यातला सर्वांत भीतिदायक चित्रपट वाटला. आम्ही दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होतो. तुम्हालाही असं अर्धं आवडण्याची मुभा आहे.

तुमच्यासाठी मी क्रम असा लावेन. सुरुवात माया डेरेन आणि अलेक्झांडर हामिद यांच्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’नं करा. १९४३ चा, चौदा मिनिटांचा, त्यांच्या राहत्या घरात केलेला मूकपट. त्यावरचं तेजी इतो यांचं संगीत १९५९ मध्ये आलं. किल्ली, सुरी, फूल, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती, आणि तोच जिना पुन्हा पुन्हा. एकच स्वरसमूह दर वेळी थोडा वेगळा होऊन यावा तसं ते सगळं परत येतं. रक्तपाताचा भडिमार नाही, आरडाओरडा नाही, लांबी एवढी कमी की सोडून द्यायची वेळच येत नाही. एकदा संगीतासह आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा, आणि कुठे हललात ती जागा बदलते का ते तपासा. त्यानंतर ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, सव्वा तासाच्या जरा वर, आणि तो सहज उपलब्ध आहे, कारण त्यावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. दुकानातला आवाज जातो तेव्हा काय होतं हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकलं आहे, तरीही तुम्ही श्वास रोखाल. ‘डॉगटूथ’ त्यानंतर, मात्र त्यात लैंगिक दृश्यं, एका मांजराची हत्या आणि घरातली हिंसा आहे हे लक्षात ठेवून. ‘तेत्सुओ: द आयर्न मॅन’ (१९८९) हा जपानी चित्रपट कुणी सुचवला तर सध्या नको म्हणा. सदुसष्ट मिनिटांचाच आहे, पण धातूचा खणखणाट आणि झपाट्यानं बदलणारी दृश्यं यांनी चांगले सरावलेले लोकही दमतात.

मग ‘इरेझरहेड’कडे परत जा, जावंसं वाटलं तरच. जिथे बंद केलात तिथून पुढे सुरू करू नका. पहिल्या मिनिटापासून लावा, इयरफोन घाला, आणि या वेळी गोष्टीकडे लक्षच देऊ नका, मागच्या घरघराटाकडे द्या. तो कुठे वाढतो, कुठे बदलतो, कुणी दार उघडलं की काय होतं, एवढंच ऐकत राहा. बाळ रडू लागलं आणि पुन्हा नको वाटलं, तर आवाज निम्म्यावर आणून त्या खोलीत आणखी पाच मिनिटं बसून पाहा. तरीही नको वाटलं तर बंद करा आणि वहीत ती जागा लिहून ठेवा.